तेरावा महिना

वहीत लिहिलं होतं, आत अकरा त्रेपन्न, बाहेर आठ सदतीस.
रोज दोन-चार मिनिटं इकडेतिकडे,
असे दोनशे तेरा दिवस.
महिन्यांची नावं तिच्या लिपीत,
आकडे आपल्याला वाचता येतील असे.

लाँड्रीच्या वकिलानं चष्मा कपाळावर ढकलला.
म्हणाला, रात्री अकराला आमच्या फाटकाला कुलूप असतं,
बाई कुणाच्या चादरी धूत होत्या?
आणि हसला. दुष्टपणे नव्हे,
जेवणाची वेळ टळून गेलेल्या माणसासारखा.

मी राज्याच्या कामगार खात्यातली तपासनीस, एचेव्हेरी.
माझ्या टेबलावर अशा फायली विटांसारख्या रचलेल्या.
खोटं वाटलं की वीट बाजूला.
हीसुद्धा मी सरकवलीच होती, खरं सांगते,
बोट फायलीवरच होतं.

दुभाषा तिच्या चर्चमधला पोरगा, मिशी नुकती फुटलेली.
तिनं त्याला काही विचारलं. तो लाजला.
मग म्हणाला, ती विचारतेय,
तुमच्याकडे दिवस अंधारात का सुरू होतो?

तिच्या गोंदरमध्ये उजाडलं की मोजायला लागतात.
आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक.
अकरा त्रेपन्न म्हणजे पहाटेचे पाच त्रेपन्न.
आठ सदतीस म्हणजे दुपारचे दोन सदतीस.
घड्याळ बरोबर होतं.
फक्त तिनं सूर्य सोबत आणला होता,
आणि विमानतळावर तो कुणी तपासला नव्हता.
त्सेहाइनेश. नावाचा अर्थ नंतर कळला, तू सूर्य आहेस.

फाटकावरचं यंत्र मात्र पाव पाव तासाचे तुकडे पाडायचं,
आणि प्रत्येक तुकडा मालकाच्या ताटात.
पाच त्रेपन्नचे सहा, दोन सदतीसचे अडीच.
सकाळी सात मिनिटं, दुपारी सात.
सात मिनिटांत काय होतं?
वाफेनं भाजलेल्या मनगटावर पट्टी बांधून होते.
एका राजेशाही पलंगाची चादर चौघींनी घडी करून होते,
आणि आणखी वीस.

माझा आजोबा बास्क. एल्कोच्या डोंगरात मेंढ्या राखायचा.
पगार बुडवणारा मालक भेटला त्या वर्षी
त्यानं अॅस्पेनच्या सालीवर सुरीनं रेघा कोरल्या, दिवसाला एक.
झाड वाढलं तशा रेघा रुंदावल्या.
पैसे कधीच मिळाले नाहीत.

मी संगणकात तारखा भरायला बसले.
सप्टेंबरच्या आधी पाच दिवस अडले.
वहीत त्यांना महिना होता, पागुमे, तेरावा.
तेरा टाकले की चौकट लाल व्हायची.
तीनदा टाकले, चिडून.

ती पहिल्यांदाच हसली.
म्हणाली, आमच्याकडे पगार बारा महिन्यांचा.
पागुमेत नोकरदार फुकट राबतो,
आणि त्यावर सगळे विनोद करतात.
इथे आले तेव्हा वाटलं, या देशात पागुमे नाही, बरं झालं.
मग कळलं, आहे.
इथे तो रोज थोडा थोडा कापून घेतात.

बेरीज केली. दोन हजार नऊशे ब्याऐंशी मिनिटं.
पन्नास तासांना अठरा मिनिटं कमी.
पाच पाळ्या, सहावी अर्धीमुर्धी.
मी पुन्हा केली. बेरीज तीच आली.

किमान वेतनानं चेक निघाला, दंडासकट.
वार्षिक तक्त्यात मी लिहिलं, बाधित कामगार, एक.
त्याच यंत्राला बोट लावणाऱ्या बाकी एकसष्ट जणींपुढे
माहिती उपलब्ध नाही.
त्यांच्याकडे वही नव्हती.

वही परत न्यायला ती आली तेव्हा
मी विचारलं, आता कशाला हवी?
तिनं मागची कोरी पानं मोजली, अठरा होती.
म्हणाली, शेजारच्या यंत्रावर नवी मुलगी लागलीय,
तिला लिहायला येत नाही.
रेघा मारता येतात.